नागपूर, इंदूर आणि एक प्रशिक्षक : चंद्रकांत पंडित यांची कारकीर्द बऱ्हाणपुरातून पाहताना

बऱ्हाणपूरचा इतिहास म्हटला की आपली गाडी फारुकी, मोगल, मुमताज महल, कुंडी भंडारा आणि असीरगड याच स्थानकांवर थांबते. ते बरोबरच आहे. पण विसाव्या शतकातला इतिहासही इतिहासच असतो आणि तो कधीकधी राजवाड्यापेक्षा मैदानावर जास्त स्पष्ट दिसतो. या लेखाचा विषय आहे एका क्रिकेट प्रशिक्षकाची कारकीर्द. वाचकांना वाटेल, याचा आणि बऱ्हाणपूरचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो नकाशाचा आहे. चंद्रकांत पंडित यांनी आधी विदर्भाला आणि मग मध्य प्रदेशाला रणजी करंडक जिंकून दिला. आपलं गाव या दोन्ही प्रदेशांचं आहे. एकेकाळी आपली राजधानी नागपूर होती. आज विभागाचं ठिकाण इंदूर आहे. त्यामुळे हे दोन्ही विजय आपल्या घरचेच आहेत, फक्त वेगवेगळ्या काळातल्या घरचे.

प्रशिक्षकाला कोण विचारतं?

अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलचं मोठं प्रस्थ आहे. तिथे खेळाडू तीन-चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात, पण मुख्य प्रशिक्षक वर्षानुवर्षे तोच राहतो. त्यामुळे लोकांच्या तोंडी नाव असतं ते प्रशिक्षकाचं. अलाबामा विद्यापीठाचे पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांनी 1958 ते 1982 या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्या राज्यात त्यांचं नाव आजही देवासारखं घेतलं जातं.

आपल्याकडे उलट. खेळाडूचं पोस्टर लागतं, प्रशिक्षक सावलीत. शाळेच्या पातळीवर रमाकांत आचरेकर सरांचं नाव झालं, तेही मुख्यतः सचिन तेंडुलकरमुळे. राज्यांच्या संघांचे प्रशिक्षक कोण होते, हे तर क्रिकेटवेड्या माणसालाही सांगता येत नाही. या नियमाला ठळक अपवाद म्हणजे पंडित. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर सहा रणजी विजेतेपदं आहेत : मुंबईसाठी तीन (2002-03, 2003-04 आणि 2015-16), विदर्भासाठी दोन (2017-18 आणि 2018-19) आणि मध्य प्रदेशासाठी एक (2021-22). ब्रायंट यांचा आणि त्यांचा आकडा सारखाच, हा योगायोग. फरक एवढाच की ब्रायंट यांची सहाही एका विद्यापीठाची, पंडितांची तीन वेगवेगळ्या संघांची.

आधी थोडा नकाशा

पंडितांकडे वळण्याआधी जरा मागे जाऊ या. बऱ्हाणपूर इंग्रजी अमलात निमाड जिल्ह्यात होतं आणि निमाड मध्य प्रांतात. मध्य प्रांताची राजधानी नागपूर. पुढे वऱ्हाड जोडलं गेलं आणि ‘सीपी अँड बेरार’ हे नाव रूढ झालं. आपले आजे-पणजे कोर्टकचेरीच्या मोठ्या कामाला नागपूरला जात, ते यामुळे. इंदूर तेव्हा जवळ असूनही ‘परकं’ होतं, कारण ते होळकर संस्थान.

क्रिकेटमध्येही तेच चित्र होतं. 1934-35 मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाड या नावाने एक संघ उतरत असे आणि इंदूरकडचा संघ वेगळा असे. म्हणजे कागदोपत्री बऱ्हाणपूरच्या मुलाचा संघ नागपूरचा होता, इंदूरचा नव्हे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि पुढे 1960 साली महाराष्ट्रात. निमाड मात्र नव्या मध्य प्रदेशातच राहिला, राजधानी भोपाळ. बुलढाणा, अमरावती हे आपले शेजारी एका रेषेच्या पलीकडे गेले. 15 ऑगस्ट 2003 रोजी बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला, तो पूर्व निमाडातून वेगळा निघून.

राजकीय नकाशा बदलला, पण क्रिकेटच्या नकाशाने जुन्या खुणा जपून ठेवल्या. महाराष्ट्र एक राज्य झालं तरी रणजीत मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आजही खेळतात. विदर्भाचा वेगळा संघ म्हणजे जुन्या प्रांताची एक शिल्लक राहिलेली पाटीच म्हणा ना.

होळकरांचा वारसा

इंदूरकडे बघितलं तर तिथे एक सोनेरी पान होतं. तिसरे तुकोजीराव होळकर यांनी 1923 साली नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदूरला बोलावून आपल्या सैन्यात हुद्दा दिला. नागपूरचा माणूस इंदूरला नेऊन संघ उभा करायचा, ही रीत तेव्हापासूनची. होळकर हे नाव घेऊन तो संघ 1941-42 ते 1954-55 अशी चौदा वर्षे खेळला. या चौदा मोसमांत दहा वेळा अंतिम सामना आणि त्यांतली चार विजेतेपदं : 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53. सीके, मुश्ताक अली ही नावं सर्वांना ठाऊक असतात. पण त्या संघात सरवटे, निंबाळकर, जगदाळे, भांडारकर अशी मराठी घरांतली मंडळीही होती. 1945-46 साली म्हैसूरविरुद्ध इंदूरला होळकरांनी 8 बाद 912 धावा केल्या आणि एकाच डावात सहा जणांनी शतकं ठोकली. आज वाचतानाही डोळे विस्फारतात.

संस्थान 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झालं, संघ 1955 मध्ये संपला. त्यानंतर मध्य प्रदेश या नावाने जो संघ आला, त्याच्याकडे वारसा होता, मैदान होतं, पण करंडक नव्हता. 1953 नंतर तो करंडक या भागात परत यायला 69 वर्षं लागली. ते कसं घडलं, हीच पुढची गोष्ट.

खेळाडू पंडित

चंद्रकांत सीताराम पंडित यांचा जन्म 30 सप्टेंबर 1961 रोजी मुंबईत झाला. आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेला हा यष्टिरक्षक-फलंदाज. कसोटी पदार्पण जून 1986, इंग्लंडमध्ये लीड्सला, तेही निव्वळ फलंदाज म्हणून. कारण यष्टीमागे किरण मोरे होते. त्याच वर्षी मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा बरोबरीत सुटलेला कसोटी सामना झाला, त्या अकरांतही पंडित होते. 1987 च्या विश्वचषकात वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दिलीप वेंगसरकर आजारी पडले आणि त्यांच्या जागी पंडित खेळले. एकूण 5 कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने. 1992 मध्ये आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली.

देशांतर्गत क्रिकेटमध्ये मात्र त्यांनी धावांच्या राशी ओतल्या. प्रथम श्रेणीत आठ हजारांवर धावा, सरासरी 48 च्या वर, 22 शतकं. म्हणजे माणूस कमी पडला असं नाही. पण जागा एक आणि दावेदार दोन, आणि ती जागा बहुतेक वेळा दुसऱ्याला मिळाली. पुढे पंडितांनी जे संघ उभे केले त्यांतले कितीतरी खेळाडू असेच, गुणवत्ता असून निवडीच्या रांगेत मागे राहिलेले.

नव्वदच्या दशकात पंडित मुंबई सोडून मध्य प्रदेशाकडून खेळायला आले. 1998-99 च्या मोसमात त्यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेश अंतिम फेरीत पोचला. सामना बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर, समोर कर्नाटक. मध्य प्रदेशाने पहिल्या डावात 75 धावांची आघाडी घेतली होती. रणजीच्या नियमाप्रमाणे सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक आपलाच होता. फक्त शेवटचा दिवस तग धरायचा होता. ते जमलं नाही. विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे डाव 150 वर गडगडला आणि सामना 96 धावांनी गेला. कर्णधार म्हणून हा पराभव पंडितांच्या खात्यावर लागला, आणि तो दोन तपांहून थोडा कमी काळ तिथेच राहिला.

मुंबई ते नागपूर

खेळणं थांबवल्यावर पंडित लगेच प्रशिक्षणाकडे वळले. मुंबईने त्यांच्या हाताखाली 2002-03 आणि 2003-04 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. मुंबईबद्दल लोक म्हणतील, तो संघ तर कोणाच्याही हाताखाली जिंकतो. त्यात तथ्य आहेच. 2015-16 मध्ये पुण्याजवळ गहुंजे येथे सौराष्ट्राला एक डाव आणि 21 धावांनी हरवून मुंबईने 41 वा करंडक घेतला, तेव्हाही पंडितच प्रशिक्षक होते. त्या मोसमात श्रेयस अय्यरने 1321 धावा केल्या. असा खेळाडू हाताशी असेल तर प्रशिक्षकाचं काम हलकं होतं.

पुढच्याच वर्षी, जानेवारी 2017 मध्ये, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर मुंबई अंतिम सामना गुजरातकडून हरली. चौथ्या डावात पार्थिव पटेलने 143 धावा काढल्या आणि गुजरातने पहिल्यांदा करंडक उचलला. पंडितांचं मुंबईतलं काम त्या मोसमानंतर थांबलं. सलग दोन वर्षं अंतिम फेरीत नेलेल्या माणसाला निरोप मिळाला. क्रिकेटमध्ये असं होतं.

त्यांना जागा दिली नागपूरने. विदर्भाचा संघ पन्नासच्या दशकापासून खेळत होता आणि तोवर एकदाही अंतिम फेरीत गेला नव्हता. विदर्भ म्हणजे मोठ्या संघांनी गुण मिळवायची जागा, असाच सर्वांचा समज. कर्णधार फैज फझल होता. मुंबईहून आलेला वसीम जाफर होता, जो पंडितांना मुंबईपासून ओळखत होता. गोलंदाजी प्रशिक्षक सुब्रतो बॅनर्जी. आणि एक स्थापत्य अभियंता, रजनीश गुरबाणी.

डिसेंबर 2017 मध्ये कोलकात्याला कर्नाटकाविरुद्ध उपांत्य सामना झाला. पहिल्या डावात 116 धावांनी मागे पडूनही विदर्भ 5 धावांनी जिंकला. गुरबाणीने दुसऱ्या डावात सात बळी घेतले. अंतिम सामना दिल्लीशी, आणि मैदान पुन्हा इंदूरचं होळकर स्टेडियम. तिथे गुरबाणीने हॅट्‌ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती केवळ दुसरी हॅट्‌ट्रिक. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने 133 धावा केल्या. 1 जानेवारी 2018 रोजी विदर्भ 9 गडी राखून जिंकला. ज्या मैदानावर पंडित वर्षभरापूर्वी हरले, त्याच मैदानावर.

एकदा जिंकणं नशिबाने होऊ शकतं. म्हणून दुसरं वर्ष महत्त्वाचं. 2018-19 मध्ये नागपूरलाच सौराष्ट्राविरुद्ध अंतिम सामना झाला. चाळिशी ओलांडलेल्या जाफरने मोसमात हजाराहून अधिक धावा केल्या. अंतिम सामन्यात डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे याने 11 बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली. विदर्भ 78 धावांनी जिंकला. दोन्ही वर्षी इराणी करंडकही विदर्भाकडेच आला.

परत इंदूर

2020 मध्ये पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले. नागपूरहून इंदूर : सीकेंचाच रस्ता, 97 वर्षांनी. लगेच करोना आला आणि 2020-21 ची रणजी स्पर्धाच रद्द झाली. तो वेळ शिबिरांत गेला. शिस्तीच्या बाबतीत पंडित किती कडक, याचे किस्से तेव्हापासून फिरू लागले. कर्णधार आदित्य श्रीवास्तवला स्वतःच्या लग्नासाठी दोनच दिवसांची रजा मिळाली, हा त्यांतला सर्वांत गाजलेला.

2021-22 चा मोसम जूनपर्यंत लांबला. उपांत्यपूर्व सामन्यात पंजाबला 10 गडी राखून हरवलं. उपांत्य सामन्यात बंगालला 174 धावांनी. त्यात सलामीवीर हिमांशू मंत्रीच्या 165 धावा. आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर हे दोघे भारतीय संघाबरोबर असल्याने नव्हते. म्हणजे घरातली दोन मोठी माणसं बाहेरगावी आणि कार्य उरकायचं, अशी अवस्था.

अंतिम सामना 22 जून 2022 पासून. मैदान चिन्नास्वामी, बेंगळुरू. तेच. समोर 41 वेळचा विजेता मुंबई, आणि मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार, तेही आचरेकर सरांचेच शिष्य. दोन्ही बाजूंच्या पॅव्हेलियनमध्ये शिवाजी पार्कची एकच शाळा बसलेली होती. (मुझुमदार पुढे भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले आणि 2025 मध्ये त्या संघाने विश्वचषक जिंकला.)

मुंबईने 374 केल्या, सरफराज खानच्या 134. मध्य प्रदेशाने उत्तरात घाई केली नाही. यश दुबे 133, शुभम शर्मा 116, रजत पाटीदार 122. एकूण 536, आघाडी 162 ची. आघाडी मिळाली की अर्धा सामना जिंकला, पण 1999 मध्येही आघाडी होतीच. म्हणून शेवटच्या दिवसाकडे सगळ्यांचं लक्ष. मुंबईने वेगाने धावा काढून सामना उघडण्याचा प्रयत्न केला. कुमार कार्तिकेयच्या चार बळींनी तो 269 वर संपला. 108 धावा हव्या होत्या, त्या 4 गडी गमावून झाल्या. 26 जून 2022. पंडित रडले, खेळाडूंनी त्यांना खांद्यावर घेतलं. 23 वर्षांनी हिशेब पूर्ण झाला.

यश कशाचं?

इथे जरा थांबून विचार करायला हवा, कारण ‘कडक मास्तर आला आणि संघ सुधारला’ एवढ्यावर इतिहास लिहिता येत नाही. नागपुरात जामठ्याचं मैदान आणि अकादमी पंडितांच्या आधीपासून होती. इंदूरला होळकरांपासूनची परंपरा आणि जगदाळ्यांसारखी पिढ्यान्‌पिढ्या क्रिकेट सांभाळणारी घराणी होती. पंडित गेल्यावर विदर्भ कोसळला नाही. 2023-24 मध्ये तो अंतिम फेरीत गेला आणि 2024-25 मध्ये नागपूरला केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा विजेता झाला. म्हणजे पाया मजबूत होता.

मग पंडितांनी काय दिलं? माझ्या मते एकच गोष्ट : अंतिम सामना आपलाही असू शकतो, ही सवय. मुंबईच्या मैदानी भाषेत ज्याला ‘खडूस’पणा म्हणतात, म्हणजे विकेट न फेकणं, चौथ्या दिवशीही पहिल्या दिवसासारखं क्षेत्ररक्षण करणं, समोरच्याचं नाव मोठं आहे म्हणून दबून न जाणं. मुंबईची ही शिदोरी त्यांनी नागपूरला आणि इंदूरला वाटली, आणि शेवटी ती मुंबईविरुद्धच वापरली गेली.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. 2022 मध्ये पंडित आयपीएलमधल्या कोलकाता नाइट रायडर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. 2024 मध्ये तो संघ विजेता ठरला, पण त्याचं मोठं श्रेय लोकांनी मार्गदर्शक गौतम गंभीर यांना दिलं. ही शिस्त परदेशी खेळाडूंना जाचक वाटते, असं नामिबियाच्या डेव्हिड वीझने उघड बोलून दाखवलं. 2025 च्या मोसमानंतर पंडित तिथून बाहेर पडले. दोन महिन्यांचा तमाशा आणि वर्षभराची तालीम यांत फरक असतोच. आपल्याकडच्या आखाड्यांतले वस्ताद जसे पहाटेपासून पोरांना घडवतात, तशी ही विद्या आहे. तिला वेळ लागतो, आणि शिष्याने घर सोडून तिथे राहावं लागतं.

आपल्यासाठी काय?

मार्च 2024 मध्ये नागपूरला रणजीचा उपांत्य सामना झाला. विदर्भ विरुद्ध मध्य प्रदेश. विदर्भ 62 धावांनी जिंकला. दोन्ही संघांवर पंडितांचा हात फिरलेला होता. बऱ्हाणपूरच्या मराठी घरात हा सामना बघताना नेमकी कोणाची बाजू घ्यायची? सत्तर वर्षांपूर्वी प्रश्नच पडला नसता. तेव्हा नागपूर आपलं होतं. आज रेशनकार्ड मध्य प्रदेशचं, भाषा आणि सोयरिकी रेषेपलीकडच्या.

मला वाटतं, निवड करायची गरज नाही. 2018 आणि 2022 ही दोन्ही वर्षं आपल्या वहीत लिहून ठेवावीत. मुंबईचा एक मराठी माणूस जुन्या मध्य प्रांताच्या दोन्ही तुकड्यांत गेला आणि दोघांनाही कधी न मिळालेली गोष्ट मिळवून दिली. रेषा 1956 मध्ये आखली गेली. तिच्या दोन्ही बाजूंना करंडक गेला तो मात्र एकाच तालमीतून.

शेवटी एक विनंती. आपल्या गावच्या मैदानांचा, क्लबांचा आणि पोरांना खेळ शिकवणाऱ्या मास्तरांचा इतिहास अजून कोणी नीट लिहिलेला नाही. जुने संघाचे फोटो, धावफलकांच्या वह्या, सामन्यांची पत्रकं कोणाच्या घरात असतील तर रद्दीत घालू नका. मंडळाच्या बैठकीला घेऊन या. पंडितांची नोंद देशाने ठेवली. आपल्या मास्तरांची नोंद आपल्यालाच ठेवावी लागेल.